सतरा गाड्यांची नोंद

ही गोष्ट १९८८ सालची. त्या साली जळगावातल्या एका जुन्या वाचनालयाने 'खानदेश परिचय कोश' काढायचं ठरवलं आणि त्यातल्या नाटक-सिनेमाच्या भागाचं काम पुष्पाबाईंच्या गळ्यात पडलं.

पुष्पाबाई तेव्हा साठीला आलेल्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि दुपार कशी काढायची हा प्रश्न रोज दीड वाजता समोर येऊन उभा राहायचा. कोशामुळे तो सुटला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांना एक टेबल, एक भिंग आणि चपलांची सात रिकामी खोकी मिळाली. खोक्यांत कार्डं ठेवायची. एका माणसाला एक कार्ड.

कोशाचे संपादक पंडित सर. कॉलेजातून निवृत्त झालेले, मनाने मोठे, आणि मोठ्या मनाची माणसं संपादक म्हणून जितकी वाईट असतात तितकेच वाईट. कुणालाही नाही म्हणणं त्यांना जमत नसे. कोशाची बातमी पसरली तशी माणसं पिशव्या घेऊन येऊ लागली. जामनेरचे एक गृहस्थ अभिनयाचं पदक घेऊन आले. त्याच्या मागच्या बाजूला 'कबड्डी, द्वितीय' असं कोरलेलं होतं. पिंपळनेरच्या एका बापाने मुलाला मिळालेलं बालकलाकाराचं मानपत्र आणलं, त्यावर सही त्या बापाचीच. एकाला मुंबईच्या कुठल्याशा अकादमीचं पत्र आलं होतं, की आपली निवड झाली आहे, पुरस्कार न्यायला येताना अमुक इतकी रक्कम घेऊन यावं.

"छापून टाका हो पुष्पाबाई," पंडित सर म्हणायचे. "कुणाचं काय जातं?"

"ज्याला खरा मिळाला त्याचं जातं," पुष्पाबाई म्हणायच्या.

शेवटी त्यांनी एक नियम लिहून भिंतीवर चिकटवला. पुरस्कार छापायचा असेल तर दोन छापील आधार हवेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे हवेत. आठवण, ऐकीव गोष्ट, घरच्यांची साक्ष चालणार नाही. पंडित सरांनी नियम वाचला, चष्मा पुसला आणि त्याखाली सही केली. सही करायला त्यांना कधीच जड गेलं नाही.

श्रावणात एका दुपारी असोद्याच्या भिकुबाई आल्या. पंचावन्नच्या आसपासच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि हातात पिशवी.

"तुम्हीच का पुष्पाबाई? बुकात नावं टाकतात त्या?"

"हो. बसा ना."

"बसाले नाही आली. अडीचची बस हाये मले," असं म्हणत त्या बसल्या. "मी अभिमन नानांची घरवाली. त्ये सिनेमात व्हते."

पुष्पाबाईंना नाव माहीत होतं. 'बांधावरचा देव' या १९५७ च्या चित्रपटात अभिमनने मुक्या गड्याचं काम केलं होतं. एकच चित्रपट. मग केळीच्या बागेत परत. कार्डावर एवढ्या तीनच ओळी होत्या.

भिकुबाईंनी धोतर सोडलं. आतून पितळी ढाल निघाली, ताज्या चिंचेने घासलेली. तिच्यावर कोरलं होतं : 'प्रेक्षक-पसंती पारितोषिक, उत्कृष्ट सहायक नट, जळगाव प्रेक्षक मंडळ'.

"ढालीचं आम्ही धरत नाही, भिकुबाई. छापलेलं काही आहे का?"

"मले काय येडी समजता का? तुमचा नियम ऐकूनच आली मी." पिशवीतून एक वही निघाली, तिच्यात दोन कागद. एक हेमछाया टॉकीजचं गुलाबी हँडबिल. दुसरं 'गिरणातीर' नावाच्या साप्ताहिकाचं कात्रण, तारीख १५ नोव्हेंबर १९५७. दोन्हींत अभिमनला प्रेक्षकांनी कौल देऊन पारितोषिक दिल्याचा मजकूर. "एक, आन् हे दोन. मोजा."

पुष्पाबाई हसल्या. "मोजले."

"मंग टाका." भिकुबाई जराशा पुढे सरकल्या. "पोरगा कडेवर व्हता माह्या तव्हा. दोन वरीस एकटीनं केयीले पाणी देलं मी. लोकं काय म्हनत ठाऊक हाये? भिकुचा नवरा तोंडाले रंग लावाले पयाला. पाणवठ्यावर गेली का बाया गप्प व्हायच्या. ही ढाल आली तव्हा गावाचं तोंड बंद झालं. आता त्यायले वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ गेली. भाऊबंदातले पोट्टे इचारता, आजा खरंच सिनेमात व्हता का काकू, का थापा मारे? तुमच्या बुकात ढाल आली म्हंजे मी बुक त्यायच्या पुढ्यात टाकीन."

पुष्पाबाईंनी कार्ड काढलं आणि शाईने पारितोषिकाची ओळ लिहिली. भिकुबाईंनी ती तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

"आता खोडू नका बरं बाई."

"छापील दोन आधार आहेत. कशाला खोडेन?"

जाताना त्या नकलेसाठी दोन्ही कागद आणि टेबलावर केळ्यांची फणी ठेवून गेल्या. फणी पुष्पाबाईंनी वाचनालयाच्या शिपायाला दिली. येणाऱ्याचं काही खायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांची नक्कल करून मूळ परत पाठवायचे होते. नक्कल करताना पुष्पाबाईंच्या लक्षात आलं, की हँडबिल आणि कात्रण यांतला मजकूर शब्दन्‌शब्द एक आहे. ते एक वेळ समजण्यासारखं होतं, वार्ताहर आळशी असतात. पण ओळीही तिथेच तुटत होत्या. त्यांनी भिंग घेतलं. मजकुराभोवती फुलांची किनार होती. डावीकडून पाचव्या फुलाची एक पाकळी तुटलेली होती. हँडबिलात तुटलेली, आणि साप्ताहिकातही तुटलेली.

भिंग खाली ठेवून त्या पंडित सरांकडे गेल्या.

"म्हणजे काय झालं?" सरांनी विचारलं.

"एकाच छापखान्यात, एकाच जुळणीतून निघालेत दोन्ही. हे दोन आधार नाहीत सर, एकच आहे. आणि तोही टॉकीजवाल्याचा."

"पुष्पाबाई, दोन आधार मागितलेत, दोन आले. आता त्यांच्या आईबापांची चौकशी करणार का?"

"दोघांची आई एकच निघाली तर करावी लागेल."

"अहो, नवरा अंथरुणावर पडलाय त्या बाईचा."

"म्हणूनच विचारतेय. उद्या कुणी दुसऱ्याने ही पाकळी पाहिली तर त्या बाईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. जामनेरच्या माणसाचं पदक त्यांनी परत केलं होतं. तो जाताना, "गरिबालाच नियम असतात," असं म्हणून गेला होता, आणि ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

'गिरणातीर' साप्ताहिक आणि त्याचा छापखाना बंद पडून वीस वर्षं होऊन गेली होती. चौकशी करता करता कळलं, की तिथला खिळे जुळवणारा कंपोझिटर रुपचंद आता धुळ्याला लेकीकडे राहतो. पुष्पाबाई सकाळच्या एसटीने निघाल्या. एरंडोल, पारोळा करत अकराच्या सुमाराला धुळ्याला पोचल्या.

रुपचंद सत्तरीचा, बारीक, बोटांची नखं अजून काळसर. ओट्यावर बसून लसूण सोलत होता. त्याने हँडबिल हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, आणि पारितोषिकाचा मजकूर वाचायच्या आधी किनारच पाहिली.

"हाई फूल मनंच शे, अक्का! पाकळी मना हातथून तुटनी. मालक एक महिना बोलना नही मनासंगे."

"ते जाऊ द्या, रुपचंदभाऊ. हे जळगाव प्रेक्षक मंडळ कुणाचं होतं?"

"मंडळ?" रुपचंद हसायला लागला. "मंडळ म्हंजे मी नि टॉकीजना शेठ. शेठनी नाव सांगं, मी खिळा जुळाडात. मी इचारं, शेठ, पारितोषिक कोनी दिधं? तो म्हने, तुले काय करनं शे, प्रेक्षकस्नी दिधं असं लाव. सत्कार ठेवा म्हंजे गर्दी व्हई."

"म्हणजे सगळंच खोटं?"

"बठ्ठं कसं खोटं? सिनेमा खरा शे. ढाल बी खरी शे, चांगली पितळनी शे."

"आणि साप्ताहिकात कसं आलं?"

रुपचंदने लसणीची पाकळी ताटलीत टाकली. "त्या आठवडाले एक जाहिरात ऐनवखतले रद्द व्हयनी. चार इंच जागा मोकळी. हँडबिलना खिळा अजून सोडेल नव्हतात, तशेच बांधेल व्हतात. उचलात नि ठेई दिधात." मग जरा ओशाळून म्हणाला, "माले वाटनं, कोन वाचस? एकतीस वरीस कोनी वाचं नही, अक्का. तुम्ही वाचं."

जुळवलेला मजकूर सुटा करायचा कंटाळा आणि चार इंचांची रिकामी जागा, एवढ्यावर अभिमन नानांचं पारितोषिक उभं होतं.

रुपचंदच्या लेकीने चहा आणला. चहा पिता पिता पुष्पाबाईंनी सहज विचारलं, साप्ताहिकाचे जुने अंक कुठे पाहायला मिळतील? रुपचंद आत गेला आणि पत्र्याची पेटी ओढत घेऊन आला. आपण जुळवलेला प्रत्येक अंक त्याने जपून ठेवला होता. लेक म्हणाली, "रद्दीवाला आना म्हंजे आबा पेटीवर जाईसन बसस."

नोव्हेंबर १९५७ चे अंक त्यांनी ओट्यावर पसरले. पारितोषिकाच्या पुढच्याच अंकात, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात एक तक्रारीचं पत्र होतं. पुष्पाबाईंनी ते दोनदा वाचलं.

'गेल्या रविवारी येथील हेमछाया टॉकीजसमोर असोद्याहून आलेल्या सतरा बैलगाड्या सोडण्यात आल्या. गाड्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आपल्या गावचा नट पाहण्यास आलो, असे त्यांचे म्हणणे. शेण व कडबा यांमुळे माझ्या दवाखान्याचे दार सायंकाळपर्यंत उघडता आले नाही. नगरपालिकेने बंदोबस्त करावा.' खाली टॉकीजसमोरच्या एका वैद्यांची सही.

"हे कुणी सांगून छापलं होतं का?"

"वैद्य स्वतः उना, हातमा काठी लिसन. छापं नही तर छापखानासमोर शेण टाकसू म्हने. शेठले राग उना, पन मालक घाबरना."

पुष्पाबाईंनी पत्र उतरवून घेतलं, तारीख घातली, रुपचंदची सही घेतली. परतीच्या एसटीत त्यांनी विचार केला, की या वैद्याला अभिमनचं भलं करायचं नव्हतं. तिकिटं खपवायची नव्हती. त्याला फक्त शेणाचा राग आला होता. इतका चांगला साक्षीदार कोशाच्या सबंध कामात त्यांना दुसरा भेटला नव्हता.

नियमाप्रमाणे दुसरा आधार हवा. तो जळगावच्या नगरपालिकेच्या छापील इतिवृत्तात सापडला. डिसेंबर १९५७ चा ठराव : टॉकीजसमोर बैलगाड्या सोडण्यास मनाई करण्यात येत आहे, कारण असोदा येथून आलेल्या गाड्यांमुळे रहदारीस अडथळा झाला. इथे छापखाना वेगळा होता. किनारच नव्हती.

पुष्पाबाईंनी कार्डावरची पारितोषिकाची ओळ शाईने खोडली आणि खाली नवी लिहिली. मग असोद्याची बस धरली. हे पत्राने कळवण्यासारखं नव्हतं, आणि भिकुबाईंना पत्र वाचून दुसऱ्यानेच दाखवलं असतं.

घर बागेच्या बाजूला होतं. ओसरीत खाटेवर अभिमन नाना पडलेले. हाडापेराने मोठा माणूस, चेहरा अजून देखणा, एका बाजूला ओघळलेला. डोक्यावरच्या कोनाड्यात ढाल. भिकुबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुष्पाबाईंच्या तोंडाकडे पाहूनच विचारलं,

"खोडली?"

"खोडली."

"का म्हनून? दोन कागद देले व्हते मी तुमाले."

पुष्पाबाईंनी दोन्ही कागद परत केले आणि सगळं सांगितलं. टॉकीजचा शेठ, नसलेलं मंडळ, चार इंच जागा, तुटलेली पाकळी. काही गाळलं नाही. नानांना ऐकू येत होतं, हे त्यांना दिसत होतं. भिकुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"म्हंजे एका फुलाची पाकयी तुटली म्हनून माह्या नवऱ्याची ढाल खोटी?"

"काम खोटं नाही. पारितोषिक कुणी दिलंच नव्हतं."

"लोकायनी देलं असं लिहेल हाये."

"लोकांना कुणी विचारलंच नाही, भिकुबाई."

"लोकं आले नव्हते का पाहाले?" भिकुबाईंचा आवाज चढला. "तुम्ही सिकेल बाया! आमच्या घरात येऊन आमची ढाल उतरोयता, आन् वर पानी पिता!"

पुष्पाबाईंनी तांब्याला हात लावला नव्हता, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. "लोक आले होते. तेच छापणार आहे. ऐकून तरी घ्या." आणि वाचलं : "'हा चित्रपट पाहण्यासाठी असोद्याहून सतरा बैलगाड्या भरून प्रेक्षक, बहुतांशी स्त्रिया, जळगावला गेले. त्यामुळे रहदारी बंद पडून नगरपालिकेला ठराव करावा लागला.' आधार दोन. आणि दोन्ही वेगळे."

भिकुबाई खाली बसल्या. ओसरीच्या कडेला नख ओढू लागल्या.

"गाड्या त्यायनी मोजल्या?" त्यांनी विचारलं.

"वैद्यांनी मोजल्या. रागावून."

"पहिली गाडी माही व्हती." भिकुबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "गावातला एक बाप्या गाडी जुंपाले तयार नव्हता. चांगल्या घरच्या बाया टॉकीजात जात नाही म्हने. मी म्हनलं, माहा नवरा हाये तठी, मी जाईन. बैल मीच जुंपले. मारोतीच्या पारापाशी मांगं पाह्यलं तं चार गाड्या व्हत्या. नाल्यापाशी पाह्यलं तं मोजता येत नव्हत्या."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. नाना डावा हात उचलत होते. पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग तिसऱ्यांदा उघडला, मिटला, आणि शेवटी तीन बोटं.

"काय म्हणतात?"

भिकुबाईंनी पाहिलं आणि पदराने तोंड झाकलं. हसत होत्या की काय, कळेना. "अठरा म्हनता त्ये. अठरा गाड्या व्हत्या. एक गाडी मांगून आली, आमच्या सासूची. तिनंच मले आडवलं व्हतं सकायी."

पुष्पाबाईंनी नानांकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. "नाना, छापलंय सतरा. मला सतराच घालावे लागतील."

नानांच्या घशातून एक आवाज निघाला. एकतीस वर्षांपूर्वी पडद्यावर मुक्या गड्याचा असाच आवाज होता, हे पुष्पाबाईंना आठवलं. तेव्हा सगळं टॉकीज हसलं होतं.

"तुमच्याशी बोलनंच नको," भिकुबाई उठत म्हणाल्या. "ढालीचं ऐकलं नाही, एका गाडीचं तं ऐकाचं व्हतं." पण बस येईपर्यंत त्या रस्त्यावर पुष्पाबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या.

कोश १९८९ च्या गुढीपाडव्याला निघाला. प्रकाशनाला भिकुबाई आल्या नाहीत. पुष्पाबाईंनी एक प्रत असोद्याला पाठवून दिली, तिची पोच आली नाही.

पंडित सरांना कोशानंतर दोन सत्कार झाले. ते दोन्ही आपल्या परिचयात घालावेत, असं त्यांनी पुष्पाबाईंना सुचवलं. पुष्पाबाईंनी दोन आधार मागितले. सर खूप हसले, आणि मग महिनाभर वाचनालयात फिरकले नाहीत. १९९३ साली ते गेले.

रुपचंदची पेटी त्याच्या मरणानंतर लेकीने धुळ्याच्या एका ग्रंथालयाला दिली. ती अजून तिथे आहे, क्रमांक लागलेली, क्वचितच उघडलेली.

अभिमन नाना कोश निघाल्यावर पाच महिन्यांनी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला भिकुबाईंनी कोशाची ती प्रत गावच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. द्यायच्या आधी त्यांनी एक केलं. नानांच्या नोंदीच्या पानावर, गाड्यांच्या ओळीच्या खाली, गव्हाच्या पिठाची खळ लावून ते गुलाबी हँडबिल चिकटवलं. नीट, कडा दाबून.

१९९६ साली मुंबईहून सिनेमावरचा एक जाडजूड संदर्भग्रंथ निघाला. तो करणारा माणूस खानदेशात फिरून गेला होता, असोद्याच्या ग्रंथालयातही. त्यात अभिमन नानांच्या नावापुढे छापलं होतं : 'प्रेक्षक-पसंती पारितोषिक, १९५७. आधार : खानदेश परिचय कोश.' पुष्पाबाईंनी प्रकाशकाला दीड पानाचं पत्र लिहिलं. पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू, असं उत्तर आलं. पुढील आवृत्ती निघाली नाही.

भिकुबाई १९९८ पर्यंत होत्या. मुंबईचा ग्रंथ त्यांना कुणीतरी दाखवला होता म्हणतात. त्या एकदा वाचनालयात येऊन गेल्या. पुष्पाबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होत्या. टेबलावर फक्त केळ्यांची फणी सापडली. ती पुष्पाबाईंनी घरी मागवून घेतली आणि खाल्ली.

वाचनालयाने पुढे खोकी माळ्यावर टाकली. अभिमन नानांचं कार्ड अजून त्यांत आहे. एक ओळ शाईने खोडलेली, तिच्याखाली गाड्यांची ओळ, आणि सतरा या आकड्याशेजारी पुष्पाबाईंच्या हातचं, शिसपेनने, अगदी बारीक लिहिलेलं : 'अठरा. नट स्वतः. तोंडी नव्हे, बोटांवर.'